वरचं खाली आणायचं नाही

मी गाड्यायचा मिस्त्री. पांढरकवड्यात बसस्टँडच्या जरा पुढं माझं गॅरेज आहे, अन् चाळीस वर्षं झाले मी मोटरसायकली अन् स्कूटरी खोलून राह्यलो. शिक्षण मराठी शाळेत झालं म्हणून लिहिता येते. घरात आमचं बोलणं हिंदी-उर्दूची खिचडी असते, पण इथं मी सगळ्यायले मराठीतच बोलाले लावतो, अन् मी जसा बोलतो तसंच लिहितो. कोणाले नसन आवडत तर त्यानं पान उलटावं. मले राग लवकर येते हे पह्यलेच सांगून ठेवतो, काहून का ही सारी गोष्ट रागाचीच आहे.

माझा एक दोस्त होता. पाचवीपासून आमी एका बाकावर बसलो. त्याचं घराणं कचेरीचं. आजा कारकून, बाप कारकून, अन् हाही कारकून होऊन दोन सालाखाली रिटायर झाला. मी त्याले बाबू म्हणतो, तो मले मिस्त्री म्हणते. त्याचं अक्षर मोत्यावानी, माझे हात सदा काळे. तरी जमलं आमचं. इतकं जमलं का दोघांच्या बायका म्हणत, तुमीच दोघं लग्न करून घेतलं असतं तर आमी तरी सुटलो असतो.

हर साली थंडीत, पौषातल्या एका रविवारी, आमी दोघं एका पहाडावर जात होतो. केळापूरच्या पलीकडं डांबरी सोडली का कोलामायचं एक पोड लागते, पंधरा-वीस घरांची वस्ती. तिथं मोहाच्या झाडाखाली गाडी लावायची अन् मागून पायवाट धरायची. दीड-दोन तासाची चढण. जंगल सारं सागाचं, मंधामंधात धावडा अन् तेंदू. तिकडं कोणी फिरकत नाही. देव नाही, धबधबा नाही, फोटो काढावा असं काही नाही. वर गेल्यावर एक सपाट खडक आहे, चार खाटा मावतील एवढा. त्यावर बसून खाली पाह्यलं का कपाशीचे अन् तुरीचे वावरं दिसते. बस, एवढंच.

आमचे तिथले तीन नेम होते. चढताना तोंड उघडायचं नाही. लोकं वाघाच्या भेवानं गप्पा मारत, काठ्या आपटत जंगलात जाते, आमी गुपचूप. दुसरा नेम, वर खडकावर बसल्यावर सालभराचं जे मनात साचलं असन ते बोलून टाकायचं. अन् तिसरा, वरचं खाली आणायचं नाही. हा तिसरा नेम माझा. पह्यल्या साली आमी गेलो तवा माझी पह्यली पोरगी आठ दिवसांची होऊन वारलती. गावात मी डोळ्यातून टिपूस काढलं नाही, अन् त्या खडकावर बसून असा रडलो का मलेच माझी लाज वाटली. उतरताना म्हटलं, "बाबू, हे वरचं खाली आणशीन तर तंगडं तोडन तुयं." तो म्हणाला, "नाही आणत." अन् नाही आणलं त्यानं.

मीही त्याचं नाही आणलं. एका साली त्यानं वर सांगतलं का बायकोच्या हातची भाजी त्याले लग्न झाल्यापासून एकदाही आवडली नाही. हसू नोको म्हणे, खरं सांगून राह्यलो. आता हे मी इथं लिहून टाकलं. नेम त्यानं मोडला, मी कायले पाळत बसू?

तर आता माझं पोरगं. एकच आहे. आयटीआय यवतमाळले केलं अन् पाच साल झाले माझ्यासंग गॅरेजात बसते. खरं सांगतो, हात माझ्यापेक्षा साफ आहे त्याचा. मी हे त्याले कधी म्हटलं नाही. आमच्यात बापानं पोराच्या तोंडावर तारीफ करायची पद्धत नाही, अन् असली तरी मी केली नसती. गॅरेजात मी बोलतो अन् बाकीचे आयकते. पोरगं बॅटरीच्या गाड्यायचं काही सांगाले लागलं का मी म्हणो, "ज्या गाडीले आवाज नाही ती गाडी कसली? अल्लानं मिस्त्रीले कान कायले देल्ले मंग?" तो चूप बसे. मले वाटे, पटलं त्याले.

या दिवाळीत मी गॅरेजचा बोर्ड नवा रंगवला. माझ्या नावापुढं 'आणि चिरंजीव' असं टाकलं. अक्षरं कशी पाह्यजे हे पेंटरले सांगाले बाबू आलता. तोंडात पान, हात मागं बांधलेले. 'जी' ले वेलांटी दीर्घ दे, 'णि' ची पह्यली दे, असं सांगून राह्यलता. पोरगं शिडी धरून उभं होतं, खाली मुंडी घालून. मले वाटलं, लाजून राह्यलं. त्या दिवशी मी अख्ख्या लाइनीले चहा पाजला, समोरच्या पंक्चरवाल्याले दोनदा.

मंग पौष लागला. मी बाबूले म्हटलं, "या रविवारी निघू." तो म्हणे, "यंदा राहू दे मिस्त्री. गुडघा लय दुखते. डॉक्टरनं चढ-उतर बंद सांगतली." मले वाईट वाटलं. वय झालंच आहे दोघांचं. शनिवारी संध्याकाळी तो आपली जुनी स्कूटर घेऊन गॅरेजवर आला. उद्या यवतमाळले डॉक्टरकडं जायचं आहे, रस्त्यात गाडीनं दगा नोको द्याले, जरा पाहून दे म्हणे. म्हटलं, "गुडघा दुखते तर बसनं जाय नं." "बसमधी पाय मुडपून बसवत नाही," म्हणे. रविवारी कोणता डॉक्टर बसते, हे माझ्या टाळक्यात त्या वक्ती आलंच नाही. मी प्लग साफ केला, कार्बोरेटर खोलून फुंकला, टायरात हवा मारली. मागचं पॅनल खडखड करे, ते क्लचवायरचा तुकडा घेऊन पक्कं बांधून देल्लं. म्हणजे मले फसवाले जायची गाडी मीच तयार करून देल्ली, माझ्याच हातानं.

त्याच रात्री जेवताना पोरगं म्हणे, उद्या राळेगावले दोस्ताकडं जाऊन येतो. जाय म्हटलं.

रविवारी सकाळी करमेना. इतक्या सालाची सवय, पौषातला रविवार अन् मी घरात? बायको म्हणे, "गार लय आहे, आज निजून राहा." एवढं म्हणाली अन् पुन्हा म्हणाली, "जाऊ नोका कुठी." तिनं दोनदा सांगतलं म्हणूनच मी उठलो, असा माझा स्वभाव. दोन भाकरी अन् ठेचा बांधून घेतला, मफलर गुंडाळला, गाडीले किक मारली.

पोडात कोणी नव्हतं. सारे कापूस वेचाले गेलते. कोंबड्या अन् एक कुत्रं, बस. मी मोहाखाली गाडी लावली अन् पाणी प्याले म्हणून पह्यल्या घराच्या मागच्या आंगाले गेलो, तर कुडाच्या भिंतीले चिकटून एक स्कूटर उभी. मी चार कदमांवरूनच ओळखली. आपण मारलेली गाठ माणूस विसरत नाही. क्लचवायर, दोन वेढे अन् मंधात पीळ. इंजिनाले हात लावून पाह्यला. अजून कोमट होतं.

खोटं कायले सांगू, पह्यले मले आनंदच झाला. म्हटलं, लेकाचा! त्यालेही करमलं नसन. गुडघा घेऊन आला बिचारा एकटाच. वर गेल्यावर दोन शिव्या देऊ अन् गरम चहा पिऊ त्याच्या थर्मासातला. पण दहा पावलं चाललो अन् मनात आलं, मोहाखाली एवढी जागा सोडून गाडी घरामागं काहून लावली?

पायवाटेवर दहिवर अजून सुकलं नव्हतं. पँट पोटऱ्यांपर्यंत ओली झाली अन् वाळल्या गवताचे कुसळं मोज्यात घुसले. सागाचे पानं गळू लागलते. त्यांच्यावर पाय पडला का असा करकर आवाज होते का वाटते, अख्ख्या पहाडाले कळलं आपण आलो. बाकी काही आवाज नाही. मधात एक मोर ओरडला अन् चूप झाला. उन्हं अजून झाडायच्या शेंड्यावरच होते, खाली हात बगलेत घालून चालावं अशी थंडी.

पह्यल्या चढावरच मले तुरीच्या शेंगांचे फोलकटं दिसले. बाबू दर साली उकडलेल्या शेंगा आणते, मीठ घालून उकडलेल्या, अन् रस्ताभर खात जाते. सोलून फोलकट उजव्या हातानं उजवीकडंच फेकते. मी इतके सालं त्याच्या मागून चाललो, मले माहीत आहे. पण हे फोलकटं वाटेच्या दोन्ही बाजूले होते. उजवीकडं बी अन् डावीकडं बी. मी वाकून पाह्यलं, उभा राह्यलो, पुन्हा वाकून पाह्यलं. म्हणजे दोघं जण. म्हणजे बाबूनं आमच्या वाटेवर दुसरं कोणीतरी आणलं, अन् मले गुडघा दाखवला.

सांगाले लाज वाटते, पण सांगतो. घरात सवत आणल्यावर बाईले कसं होत असन ते मले त्या वक्ती समजलं. कोण असन? कचेरीतला कोणी? व्याही? मी एकेकाले मनात आणून शिव्या देत वर चढलो. श्वास पुरेना तरी थांबलो नाही.

खडकाच्या अलीकडं एक सुका नाला आहे, त्यात पानं नसते, नुसता कातळ. मी बूट काढले अन् हातात घेतले. गार दगडानं तळवे बधिर झाले. वर बोलणं चालू होतं. एक आवाज बाबूचा, अन् दुसरा आयकला तसा मी जागच्या जागी थिजलो. मी शंभर गाड्यायमधून एका गाडीच्या टॅपिटची टकटक ओळखतो, मले काय माझ्या पोराचा आवाज ओळखू येणार नाही?

नाल्याच्या काठाले एक मोठा धोंडा आहे. मी त्याच्यामागं बसलो. तिथून खडक दहा-बारा पावलं. पोरगं माझ्या जागेवर बसलतं, पाय लांब करून. बाबूच्या हातात थर्मास.

पोरगं म्हणे, "एक तारखेले हजर व्हायले सांगतलं, काका. पंधराच दिवस राह्यले."

"कंपनीनं राहायची सोय केली का पुण्यात?"

"हाव. बॅटरीच्या गाड्यायची लाइन आहे, शिकवणार पण तेच."

"अन् बापाले?"

पोरगं शेंग सोलत राह्यलं. बाबू म्हणे, "मागच्या पौषात, तुया बाप अन् मी यायच्या आठ दिवस आधी, तू इथंच बसून मले सांगतलंतं का तुले गॅरेजात राहायचं नाही. तवाच म्हटलंतं मी, बापाच्या कानावर घाल. साल झालं रे."

"माझं त्यायच्यासमोर तोंडच उघडत नाही. तुमी सांगा नं. अम्मी पण म्हणते, काकालेच सांगू दे, अब्बा त्यायचं आयकते."

"बोर्ड रंगवला त्या दिवशी सांगून टाकणार होतो मी," बाबू म्हणे. "एकेक अक्षर सांगताना वाटे, आता बोलावं. नाही बोलवलं."

माझ्या कानात शिट्टी वाजाले लागली. मागचं साल! मागच्या पौषात याच खडकावर, याच माणसाच्या खांद्याले खांदा लावून मी म्हटलंतं, "बाबू, पोरगं लाइनीले लागलं. आता मी डोळे मिटले तरी गॅरेजचं शटर खाली येत नाही." अन् हा शेंगा सोलत हं, हं करून राह्यलता. म्हणजे माझं पोरगं त्याच्या आधीच इथं येऊन गेलतं. दिवाळीत मी बोर्डाखाली उभं राहून लाइनीले चहा पाजून राह्यलतो, तवा हा माणूस 'चिरंजीव' ची वेलांटी सांगून राह्यलता. माझं पोरगं, माझी बायको, माझा दोस्त, साऱ्यायले माहीत. एकटा मीच येडा.

मी उठलो नाही. इतका संतापी माणूस मी, गिऱ्हाइकाच्या अंगावर धावून जातो, अन् त्या दिवशी धोंड्यामागून उठवलं नाही मले. तसाच मागं सरकलो, नाला उतरलो, सागाचे पानं लागले तवा बूट घातले. खाली आलो तवा भाकरीचं फडकं हातातच होतं. स्कूटरजवळ गेलो. प्लगची वायर अशी समोर. काढून खिशात घालाले एक मिनिट लागलं नसतं. बसा म्हटलं दोघं ढकलत केळापूरपर्यंत. हात लावला बी. मंग मागं घेतला. आपण दुरुस्त केलेली गाडी आपणच बिघडवली तर मंग मी मिस्त्री कायचा?

संध्याकाळी बायकोनं माझी पँट दोरीवर टाकाले घेतली अन् तिचे कुसळं काढत बसली. कुठून आले म्हणून विचारलं नाही. पोरगं घरी आलं, त्याच्या पँटलेही तेच कुसळं. मी विचारलं, "कसं होतं राळेगाव?" म्हणे, "बरं होतं." दुसऱ्या दिवशी बाबू गॅरेजवर आला, त्याले विचारलं, "डॉक्टर काय म्हणाला?" म्हणे, "मलम देल्लं." माझ्या डोळ्यात पाहून म्हणाला. त्याच्या आवाजात एवढीशीही अडखळ नव्हती.

मले त्या दिवसापासून एकच पाह्यजे होतं. पुण्याले जाय, चंद्रावर जाय, बॅटरीच्या गाड्या जोड नाही तर विमानं जोड. मी अडवणार नव्हतो. खरं म्हणजे अडवलं असतं, दोन दिवस अडवलं असतं, आदळआपट केली असती अन् मंग सोडलं असतं. पण त्यानं माझ्यासमोर उभं राहून, स्वतःच्या तोंडानं म्हणावं, अब्बा, मी चाललो. एवढंच. बाबूच्या तोंडून नोको, आईच्या तोंडून नोको.

मी वाट पाह्यली. रोज पाह्यली. मी त्याले शिव्या देणं बंद केलं. दुपारी जेवाले संग बसाले लागलो. एकदा तर चहा मीच आणून देल्ला, तवा पंक्चरवाला डोळे फाडून पाहत राह्यला. कोणी सोपं करून देल्लं तर बोलन बिचारा, असं मले वाटे.

एक दिवस एक मास्तर बॅटरीची स्कूटर ढकलत आले. अशी गाडी आली का मी दुरूनच हात जोडतो. त्या दिवशी मी पोराले आवाज देल्ला अन् मास्तरच्या देखत म्हटलं, "तू पाह्य. मले यातलं समजत नाही. तुले समजते." चाळीस सालात हे वाक्य माझ्या तोंडून कोणी आयकलं नसन. पोरगं माझ्याकडं पाहत राह्यलं. डोळे भरले त्याचे. हातातलं टेस्टर खाली ठेवलं अन् म्हणालं, "अब्बा..."

मी फडकं हातात घेऊन उभा. मास्तर बाजूले झाले. मी मनात म्हटलं, बोल बेटा, बोल.

"अब्बा, दहा नंबरचा पाना द्या."

देल्ला. काय करतो.

नवव्या का दहाव्या दिवशी भर दुपारी बाबू आला. पोरगं पार्ट आणाले गेलतं, म्हणजे ठरवूनच गेलतं. बाबू स्टुलावर बसला, चष्मा पुसला, पुन्हा घातला, अन् म्हणे, "मिस्त्री, जरा शांततेत आयक. पोरगं पुण्याले जायचं म्हणते."

"म्हणते? कोणाले म्हणते?"

"आता मलेच बोललं ते..."

"कुठी बोललं? यवतमाळच्या डॉक्टरच्या दवाखान्यात?"

त्याचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "मी धोंड्यामागंच होतो, बाबू. तुय्या शेंगांचे फोलकटं मोजत आलतो वर."

त्यानं चष्मा काढून मांडीवर ठेवला. मंग हळूच म्हणे, "वरचं खाली आणायचं नाही. हा नेम तुयाच आहे. पोरानं मले वर सांगतलं, मी खाली कसं आणू?"

तिथं माझं डोकं फुटलं. "तो नेम आपला होता बे! दोघांचा! तो तू तिसऱ्याले कायले देल्ला? अन् माझ्याच पोराले? माझ्याच पाठीमागं? मी मागच्या साली तुले काय सांगतलंतं तिथं? ते आयकताना तुले काहीच वाटलं नाही का रे?"

"वाटलं. सालभर वाटून राह्यलं."

"मंग?"

"त्यानं कुठी बोलावं, सांग. या गॅरेजात तुय्याशिवाय कोणाचा आवाज निघते का? ते पोट्टं माझ्या दारात येऊन रडे. मी त्याले म्हटलं, तुया बाप एका जागी रडते, मंग तिथं बोलते. चाल, तुले ती जागा दाखवतो." एवढं बोलून तो उभा राह्यला अन् म्हणे, "तू दहा पावलांवर होता नं? मंग तू समोर काहून नाही आला?"

जवाब नसला का मले जास्तच राग येते. हातातला पाना मी खाली फेकला, असा का फरशीचा टवका उडाला. आजूबाजूचे दुकानदार पाह्याले लागले.

"जाय," म्हटलं. "निघ इथून."

तो पायऱ्या उतरला. मी मागून ओरडलो, "गुडघा खरंच दुखते का रे?"

त्यानं वळून पाह्यलं. "नाही," म्हणे. तेवढं मातर खरं बोलला. त्यानंतर तो माझ्या पायरीवर आला नाही अन् मीही त्याच्या गल्लीत गेलो नाही.

घरी मी चकार शब्द बोललो नाही. काका बोलून आले हे पोराले कळलंच असन, काहून का घरात एकदम मोकळं झालं सारं. बायकोनं उघड उघड चिवडा कराले घेतला. पोरगं गॅरेजातच माझ्या देखत फोनवर कंपनीच्या खोलीचं बोलाले लागलं. बॅग आली, नवी चादर आली, स्वेटर आला. साऱ्यायनं असं धरून घेतलं का मले सांगून झालं. मी जेवो, उठो, कामाले लागो. तरी आतून मी वाट पाहतच होतो. म्हटलं, जायच्या आदल्या दिवशी बोलन. नाही बोललं. म्हटलं, निघताना बोलन.

सकाळची यवतमाळची एसटी होती, पुढं तिथून पुण्याची गाडी. मी बॅग घेऊन त्याच्यासंग स्टँडवर गेलो. बाकी कोणाले येऊ देल्लं नाही. बायकोले घरीच थांब म्हटलं. मनात होतं, दोघंच असलो तर सोपं जाईन त्याले. स्टँडवर धुकं होतं, लोकं शाली गुंडाळून उभे होते. बस लागली. मी बॅग वरच्या फळीवर ठेवून खाली उतरलो. पोरगं माझ्यामागं उतरलं अन् माझ्यासमोर उभं राह्यलं, तोंडातून वाफ निघत होती त्याच्या. बोलायचं आहे हे दिसत होतं. ओठ हलून राह्यलते.

"अब्बा," म्हणे, "काकानं सांगतलं असन नं तुमाले?"

"काय?" म्हटलं मी.

मी जाणून विचारलं. लहान पोराले पह्यला शब्द बोलाले लावते नं, तसं माझंही तोंड अर्धं उघडं राह्यलं असन. त्यानं जमिनीकडं पाह्यलं, बसकडं पाह्यलं. कंडक्टर चढून बसलता.

"तेच," म्हणे. "सगळं."

मी म्हणू शकत होतो, नाही सांगतलं, तू सांग. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर असं भेव होतं का ते पाहवलं नाही मले. माझंच भेव होतं ते.

"हाव," म्हटलं. "सांगतलं."

अन् माझ्या पोरानं मले मिठी मारली. लहानपणी मारली नसन अशी, छातीच्या बरगड्या दुखेपर्यंत, अन् किती तरी वेळ सोडलंच नाही त्यानं मले. ती मिठी सुटका झाल्याची होती. त्याले त्याच्या तोंडानं काही सांगावं लागलं नाही म्हणून तो इतका खुश झालता.